बदली राजा

पद्माकर सोवनींना मंडळाचं अध्यक्षपद हवंच होतं. मिळालं तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलेला हा माणूस. दिवसा फायली, संध्याकाळी प्राचीन राजांची पुस्तकं. मराठी मंडळात सतरंज्या घालायला पद्माकर, अध्यक्ष मात्र कायम भाऊसाहेब.

यंदा संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली. परतताना माणसं अध्यक्षांनी मोजायची, अशी पद्धत. भाऊसाहेब एका बड्या अधिकाऱ्याशी बोलण्यात गुंतले, न मोजताच "चलो, चलो" म्हणाले, आणि अलकनंदाकाकू धुक्यात मागे राहिल्या. गारठल्या, न्यूमोनिया झाला, कशाबशा वाचल्या. त्यांच्या मुलानं, शार्दूलनं, जाब विचारायला सभा मागितली.

लगेच पद्माकरांना भाऊसाहेबांचा फोन आला. "बीपी वाढलंय यार. खुर्ची आता तू सांभाळ. हक्क तुझाच आहे."

विनयाताई नवऱ्यावर भडकल्या. "तुम्हीच सांगता ना, मेसोपोटेमियात ग्रहणाचा अपशकुन झाला की राजा लपायचा, कुणा गरिबाला सिंहासनावर बसवायचे आणि संकट टळलं की मारून टाकायचे? मग?"

"चीनच्या थांग राजाचंही सांगतो मी. दुष्काळात बळी द्यायची वेळ आली, तर स्वतःच पुढे झाला. दोष माझा, प्रजेचा नाही, म्हणाला. आणि पाऊस पडला!"

"तो खरा राजा होता हो."

सभेत शार्दूल उभा राहिला. तो सहलीला नव्हता. "माझ्या आईला तिथे कुणी सोडलं? नाव सांगा."

नाव पद्माकरांच्या ओठांवर आलं. भाऊसाहेब पहिल्याच रांगेत मफलर गुंडाळून चहा पीत होते. त्या दिवशी बसमध्ये असलेले सगळे आता मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

"मंडळाची चूक ती अध्यक्षाची," पद्माकर म्हणाले. "दोष माझा." आता तरी भाऊसाहेबांना लाज वाटेल, ते उठतील, असं त्यांना वाटलं.

भाऊसाहेब उठले. "पद्माकरनं मोठ्या मनानं चूक कबूल केलीय. आता विषय वाढवू नका."

टाळ्या भाऊसाहेबांना पडल्या. पद्माकरांचा राजीनामा तिथेच घेतला गेला आणि सर्वांच्या आग्रहाखातर भाऊसाहेब पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांच्या बीपीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पद्माकर फळं घेऊन काकूंकडे गेले. निदान त्यांना तरी खरं सांगायचं होतं. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"भाऊसाहेब सकाळीच येऊन गेले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माणसं मोजायचं काम तुमच्यावर सोपवलं होतं म्हणे. तरी तुमच्यावर रागावू नका, असं सांगत होते बिचारे."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.