रिकामा न येणारा डबा

पृथ्वीवरच्या सगळ्या बापांची पोरांचे डबे भरण्याची स्पर्धा लावली, तर पहिला नंबर आर्वीला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याचा येईल, आणि बक्षिसाला गुंडाळलेला चकचकीत कागद तो व्यासपीठावरच परत करील. त्याची बायको भल्या सकाळी नोकरीला निघायची, म्हणून लेकीच्या डब्याचं खातं त्याच्याकडे आलं. ते त्यानं मंत्र्यानं खुर्ची धरावी तसं धरून ठेवलं. प्लास्टिकची पिशवी, फॉइल, पुड्यातला खाऊ यांना त्या स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. ज्वारीची भाकरी पळसाच्या पानात, वर जवसाची चटणी, शेजारी मोसमातलं एखादं फळ आणि सगळा डबा जुन्या धोतराच्या फडक्यात. एकदा मी भाचीसाठी बिस्किटांचा पुडा नेला. यानं बिस्किटं बरणीत ओतली, पुड्याच्या कागदाची नीट घडी घातली आणि मी निघताना माझ्या खिशात ठेवली. ‘‘भाऊजी, हे तुमचं राह्यलं.’’

पण त्याचा खरा कायदा वेगळाच होता. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. हा नियम त्यानं शाळेच्या डब्याला लावला. अन्न संपलं पाहिजे, पण डबा रिकामा येता कामा नये. संत्र्याची सालं, चिंचोके, सीताफळाच्या बिया, काहीतरी परत आलंच पाहिजे. संध्याकाळी तो डबा कानाशी धरून हलवायचा आणि झाकण न उघडता सांगायचा, ‘‘आज बोरं खाल्ली पोरीनं.’’ सालं बकरीला जायची, बिया परसात. तिथे सीताफळाची इतकी रोपं उगवली, की पाहुण्याला न्हाणीघरात अंग चोरून जावं लागे.

आठवीत लेक म्हणाली, ‘‘बाबा, मी डबा नाई नेत. साऱ्या पोरी हसून राह्यल्या.’’ चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा वाद घालणारा हा माणूस फक्त ‘‘बरं’’ म्हणाला. डबा फळीवर गेला. त्यानंतर मी गेलो की तो मलाच धरून जेवू घालायचा, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. डब्याबरोबर पोरगी आपल्यालाही नको म्हणाली, असंच त्यानं मनाला लावून घेतलं होतं.

पुढे ती शिकायला नागपूरच्या वसतिगृहात गेली. यंदा मी कामानिमित्त तिकडे निघालो, तर एसटी स्टँडवर यानं माझ्या हातात तोच डबा दिला, फडक्यात बांधलेला. ‘‘परसातलं सीताफळ हाय. घेतलं तं घेतलं. नाई घेतलं तं तुम्ही खाऊन घेजा.’’ बोलताना बघत होता मात्र गाडीच्या पाटीकडे.

तिनं डबा ठेवून घेतला आणि मी परतायच्या दिवशी आणून दिला. इतका हलका, की मला वाटेत काळजीच वाटत राहिली. आर्वीला तो ओट्यावरच बसलेला होता. डबा घेतला, पण फडक्याची गाठ काही सोडली नाही. नुसता कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या.

‘‘पुरं खाल्लं,’’ तो म्हणाला. मी आत चहा सांगायला गेलो. बाहेर येऊन बघतो, तर डबा अजून त्याच्या कानाशीच होता.