टाचेचं माप

मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर वडील गावी आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. तिच्यात कपडे कमी आणि संपाची पत्रकं जास्त होती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. वडील गेले आणि पेटी माझ्याकडे आली. कॉलेज संपताच मी चिपळूणच्या एका छापखान्यातून स्वतःची पत्रकं छापून आणू लागले. आई म्हणायची, "बापाचे कागद चूल पेटवायला तरी व्हते. तुझे तर तू वाटूनच टाकतेस."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका औषध कंपनीने तालुक्याच्या शाळेत बायकांची हाडं फुकट तपासायचं शिबिर ठेवलं. यंत्र लहानसं होतं. त्यात टाच ठेवायची, यंत्र तिच्यातून ध्वनिलहरी सोडायचं, आणि हाड किती विरळ झालंय त्याचा आकडा निघायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. शेजारच्याच टेबलावर कंपनीच्या गोळ्या मांडलेल्या होत्या. माझं डोकं फिरलं. पत्रकाचा मथळा मी दिला, 'हाडं मोजायला आलात, पोट कोण मोजणार?' आणि गठ्ठा घेऊन शाळेच्या फाटकात उभी राहिले.

रांगेत आई होती. मला न सांगता आलेली. वर्षभर तिची कंबर दुखत होती. पेरणीआधी शेत भाजायचं, त्या भाजावळीसाठी टहाळ्यांचे भारे डोक्यावर घेऊन ती अनवाणी कातळ तुडवायची, त्यामुळे टाचांना बोट शिरेल एवढ्या भेगा. डॉक्टरपुढे असे पाय कसे न्यायचे, म्हणून सकाळी तिने लग्नाकार्याला जाताना करतात तेच केलं होतं. कोकमाचं तेल पळीत वितळवून ऊन ऊन भेगांत भरलं होतं. थंड झालं की ते मेणासारखं घट्ट बसतं.

"माझी कशाला मोजताव?" पुढची म्हातारी यंत्रवाल्या मुलाला म्हणत होती. "माझ्या सुनेची जीभ मोजा. तिच्यात हाडच नाय."

सगळ्या हसल्या. आईही हसली आणि तिने पाय ठेवला.

यंत्रावर आकडा येईना. मुलाने आणखी जेल लावलं, पाय फिरवला, तीनदा बटण दाबलं. मग त्याने टाच उचलून पाहिली.

"मावशी, हे काय भरलंय? गरम पाण्याने नीट धुऊन या. मग परत बघू."

तो वाईट बोलला नव्हता. पण सगळ्या रांगेने तिच्या टाचांकडे पाहिलं. आई चपला हातात घेऊनच नळावर आली. मी तिथे पोचलेच.

"बघितलंस ना गो आये? तुझे पाय त्यांच्या यंत्राला कळत नाहीत. ते आपल्यासाठी केलेलंच नाही. चल घरी."

"धुतले तर व्हईल म्हणाला तो."

"गार पाण्याने ते निघणार आहे का? आणि निघालं तरी गोळ्याच गळ्यात मारतील."

ती क्षणभर शाळेकडे बघत राहिली. मग चपला घातल्या.

पुढचं पत्रक मी त्यावरच लिहिलं. 'ज्या यंत्राला कष्टकरी बाईचा पाय कळत नाही.' ते लोकांना फार आवडलं. आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पावसाळा सरल्यावर गवताचा भारा उचलायला ती वाकली आणि खाली बसली. पडली नव्हती. नुसती बसली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हाडं पार पोकळ झालीत. कधी तपासली नव्हती का?"

खाटेवरून आई ताठ आवाजात म्हणाली, "यंत्राला माझा पाय कळला नाय डॉक्टर. आमच्या पोरीने छापून आणलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटोकडे.

माझ्या पत्रकातला पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. आजही मी तो विचारीन. पण त्या दिवशी नळावर प्रश्न वेगळा होता, एका तांब्याभर गरम पाण्याचा. शाळेच्या मागे खिचडीची चूल पेटलेली होती. मला ती दिसत होती.

आई पुन्हा चालली नाही. दुसऱ्या वर्षी तेच यंत्र आलं, तेव्हा मी तिला रिक्षाने नेलं आणि खुर्चीवर बसवून आत घेतलं. पत्रकं घरीच होती. यंत्रवाल्या मुलाने तिची टाच हातात घेतली. जमिनीला पाय न लागल्याने भेगा भरून आल्या होत्या, टाच तान्ह्या पोरासारखी मऊ झाली होती.

"वा मावशी, पाय किती छान ठेवलेत!"

या वेळी आकडा पहिल्याच फटक्यात आला. लाल.

"कळला गो याला," आई मला म्हणाली.