बेटावरची मातामाय

आमच्या बुडालेल्या गावाचं आता बेट झालं आहे आणि त्या बेटाची सहल निघते. धक्क्यावर फलक आहे: 'ट्रॉपिकल आयलँड, निसर्ग आणि संस्कृती, एका दिवसात'. फलकाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे माड उभे केलेत. मोहा-पळसाच्या मुलखात, वैनगंगेच्या काठी माड.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव उठलं, वरची टेकडी तेवढी कोरडी राहिली. त्या टेकडीवर कडुनिंबाखाली आमची गावदेवी, मातामाय. नवा तांदूळ निघाला की पहिला भात तिच्यापुढे ठेवायचा, मग घरात खायचा. पुनर्वसनात आल्यापासून माझी आई अंगणातच, पाण्याकडे तोंड करून भात दाखवत आली. यंदा मात्र गुडघे पार बसले आणि तिने हट्ट धरला, की एकदा तिच्या जागेवर जाऊनच दाखवीन, तोवर नव्याचा दाणा तोंडात घालणार नाही. भावाच्या घरात नव्या तांदळाची पोती येऊन पडलेली आणि सगळं घर जुनाच भात गिळत होतं.

आम्ही ढिवर, पिढ्यानपिढ्या याच पाण्यात मासे धरणारे, पण आमच्या डोंग्यांना आता तिकडे लागायला मनाई आहे. म्हणून मी सासरहून, वरठीहून आले आणि आम्हा दोघींसाठी स्वतःच्या जन्मगावी जायचं तिकीट काढलं.

लाइफ जॅकेटला आदल्या कुणाच्या तरी घामाचा आंबूस वास येत होता. आईने ते नाक न मुरडता घातलं. भाताचा डबा असलेली पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. नागपूरकडच्या मंडळींनी अर्ध्या वाटेतच चिप्सची रिकामी पाकिटं पाण्यात सोडली. गाइड त्यांना काही बोलला नाही. तो म्हणत होता, "इथलं पाणी एकदम स्वच्छ आहे जी."

बेटावर उतरल्यावर त्याने आम्हाला एका सपाट काळ्या दगडापाशी नेलं. दगडावर हळद-कुंकू, नाणी, फोडलेले नारळ. "ही इथली प्राचीन देवी," तो म्हणाला. "आदिम लोक इथे बळी देत. रक्ताचे डाग अजून दिसतात, बघा." मंडळींनी चपला काढल्या, हात जोडले, फोटो काढले. एका बाईने तर कपाळ टेकवलं.

आई माझ्या कानाशी आली. "बाई, यावर तं आमी मासे घासून राहत होतो."

खरंच होतं ते. गावातल्या साऱ्या बाया त्याच दगडावर खवले काढायच्या. एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या माणसाचं रक्ताबिक्ताचं ठसक्यात सांगणं ऐकून तिडीक गेली डोक्यात. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने दंड धरला. "कायले बोलतं? आपली माय दाखव मले."

कडुनिंब जागेवर होता. त्याच्याखाली खरकट्या पत्रावळी, दारूच्या बाटल्या आणि मुताची घाण. मातामायची जागा रिकामी होती. आई पाय ओढत त्या झाडाभोवती फिरली. पदर नाकाला लावावा असंही तिला सुचलं नाही. मला त्या सगळ्यांची इतकी शिसारी आली की थुंकावंसं वाटलं, पण थुंकायलाही ती जागा आमचीच होती.

जेवणाची हाळी आली म्हणून आम्ही स्वयंपाकाकडे गेलो. आचाऱ्याने दगडांची चूल मांडून वर मोठं पातेलं चढवलं होतं. माशाचा तेलकट रस्सा उतू जाऊन दगडांवरून ओघळत होता. आई चुलीपुढे थबकली. मलाही दिसलं. तिसऱ्या दगडाच्या एका अंगाला काजळीखाली शेंदराचा जाड थर होता.

लहानपणी एकदा मी मातामायला 'तो गोटा' म्हणाले होते, तर आईने हातातली पळी पाठीत घातली होती. "गोटा नोको मनू. माय हाये ते." ते वळ मी विसरले नाही.

आम्ही जेवलो नाही. सगळ्यांची जेवणं आटोपून चूल विझेपर्यंत आई तिथेच धुळीत बसून राहिली. मग आचारी हात धुवायला गेला तेव्हा तिने मातामायवर बाटलीतलं पाणी ओतलं, उठलेली वाफ सोसत तिला पदराने पुसलं आणि उचलून पिशवीत ठेवलं. डबा माझ्या हातात दिला. तिथे त्या घाणीत भात दाखवायचा नाही, एवढंच म्हणाली.

बोटीत चढताना गाइडने पिशवी बघितली. पिशवीचा तळ लोंबत होता. "आजी, काय होय जी त्याच्यात? बेटावरून काही न्यायची परवानगी नाही."

मी भांडायच्या तयारीतच होते. म्हणणार होते, आमची देवी आहे, तुमच्या चुलीतून काढलीय. मग लगेच लक्षात आलं, की देवी म्हटलं की हे तिला ठेवून घेतील, त्या मासे घासायच्या दगडाशेजारी मांडतील आणि उद्यापासून तिच्याही नावाने बळी सांगतील.

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "गोटा हाये बापा. वरवंट्यासाठी नेऊन राहिली."

तो हसला आणि त्याने जाऊ दिलं.

घरी आल्यावर तिने मातामायला ऊन पाण्याने आंघोळ घातली, अंगणातल्या कडुनिंबाखाली बसवलं, शेंदूर लावला. नवा भात शिजवून पुढे ठेवला आणि मग सगळ्यांना वाढला. नातवंडं पोटभर जेवली. आईच्या ताटात मात्र सकाळचा, जुन्या तांदळाचाच भात होता.

"माय, आता तं दाखवला ना नवा," मी म्हटलं. "तू काहून नाही घेत?"

तिने घास कालवला. "म्या तिले गोटा मनलं ना," ती म्हणाली.