लघवीच्या पिशवीतली हवा

आमच्या चौकात सायकलचं पंक्चर काढणाऱ्या काकू आहेत. सासऱ्यांनी दुकान हाती दिलं तेव्हापासून सगळे त्यांना पंक्चरवाल्या काकू म्हणतात, आणि ते त्यांना आवडतं. त्यांचा एक नेम आहे. ठिगळ बसवलं की ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बुडबुडा नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चाक चढत नाही.

अशा या काकूंच्या ओटीपोटात काही वर्षं आग होती. लघवीची पिशवी भरू लागली की कळ यायची, हातातलं चाक टाकून धावावं लागायचं. लघवीची तपासणी मात्र दर वेळी निर्मळ. शेजारी राहणारी नणंद म्हणायची, "वहिनी, काम अंगावर आलं की बरी येते हो तुमची कळ." काकू हसण्यावारी न्यायच्या. पण हळूहळू त्यांचाच स्वतःवरचा विश्वास उडू लागला.

अखेर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीत नळीने थोडी हवा भरू, जरा वेळ ठेवू आणि काढून तपासू."

काकूंची कळी खुलली. हा तर आपलाच धंदा. टेबलावर त्या श्वास रोखून पडून राहिल्या.

"दुखतंय का?"

"नाही हो. हवा कुठून निसटते ते ऐकतेय."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "पिशवी फुटलेली नाही, काकू. काहींची ती आतून सुजते, आणि मग अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो या हवेत मिसळतो. तोच मोजायचाय."

वायू भरपूर निघाला. मग दुर्बिणीने पाहिलं, तर अस्तरावर लाल व्रण.

"म्हणजे मी खोटी नव्हते," काकू एवढंच म्हणाल्या.

सोबत आलेली नणंद त्यांच्या चपला पुढे सरकवत म्हणाली, "बऱ्या होईपर्यंत दुकान मी बघते. पण ग्रीसला हात लावणार नाही, सांगून ठेवते."

व्रण जाळले, कळ ओसरली. पुढच्या खेपेला काकू अडून बसल्या. "पुन्हा हवा भरून बघा."

"बरं वाटतंय ना? मग कशाला?"

"ठिगळ लावल्यावर ट्यूब पुन्हा बुडवावी लागते, बाई."

बघितलं. वायू पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी काकू एका बैठकीत अख्खं चाक जोडून उठल्या. समोर नणंद उभी होती, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली.