आत्याची उलटतपासणी

माझ्या आत्याला फसवू शकेल असा माणूस अख्ख्या नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. सीताबर्डीच्या दुकानात रेशमी म्हणून साडी दाखवली की ती पदराचा एक धागा ओढते, पर्समधून काडेपेटी काढते आणि तिथल्या तिथे जाळून वास घेते. एका दुकानदाराने तर तिला पायऱ्या चढताना पाहूनच पाण्याचा तांब्या जवळ आणून ठेवला होता. संत्रेवाल्याला ती टोपलीच्या तळाचं संत्रं सोलायला लावते, आधी त्यालाच खायला घालते आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघते. मेट्रो सुरू झाली तेव्हा कितीतरी दिवस ती बसलीच नाही. "चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. कोणाच्या भरवशावर बसू वं?" मी दार वाजवून "मी आहे" म्हटलं, तरी आतून प्रश्न येतोच, "मी म्हणजे कोण?" जन्मापासून ओळखते मला!

अशा बाईच्या पोटात गाठ निघाली. तिने आधी गुन्हेगार शोधायला घेतला. पाण्याच्या फिल्टरवर संशय, समोरच्या गच्चीवरल्या मोबाइल टॉवरवर संशय, आणि सगळ्यांत जास्त शेजारच्या काकूंवर, कारण त्यांनी दिलेल्या सांडग्या मिरच्या तिने उन्हाळाभर खाल्ल्या होत्या. काकूंशी बोलणं बंद झालं. शस्त्रक्रिया पार पडली, पण पुढच्या औषधाला ती काही तयार होईना. डॉक्टर म्हणाले, हे औषध पेशींमधल्या डीएनएची नक्कल होऊ देत नाही, म्हणजे उरलीसुरली वाईट पेशी वाढत नाही. आत्याने त्यांना एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर मला पकडलं, कारण मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

"नक्कल कोण करते, कशी करते, सारं सांग. त्याबिगर मी सुई टोचून घेत नाही."

मी सांगू लागले. डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना बिलगलेल्या, पण उलट्या दिशांच्या. पेशीच्या दोन पेशी होण्याआधी त्या पर्सच्या चेनसारख्या उघडतात आणि प्रत्येक जुन्या पट्टीसमोर एक नवी लिहिली जाते. लिहिणारं प्रथिन मात्र एकाच दिशेने लिहू शकतं. त्यामुळे एका पट्टीवर ते चेन उघडेल तसं सलग पुढे जातं. दुसरीवर दिशा उलटी पडते. तिथे थोडं उघडलं की तेवढाच तुकडा मागच्या बाजूला लिहायचा, आणखी उघडलं की पुन्हा पुढे येऊन नवा तुकडा. मग हे तुकडे सांधायला आणखी एक प्रथिन येतं.

आत्याचे डोळे बारीक झाले. "एक सरळ काम करून राहिला, अन् दुसरा पाठ करून तुकडे पाडून राहिला. त्याच्यावर नजर कोणाची?"

"लिहिणाराच मागे सरकून चूक खोडतो."

"स्वतःच लिहिते अन् स्वतःच तपासते? वा!"

"त्यानंतर दुसरी प्रथिनंही तपासतात, आत्या. दोन्ही पट्ट्या."

एवढा बंदोबस्त ऐकून ती जरा निवली. मग एकदम म्हणाली, "मंग मले काहून झालं?"

वर्गात हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी म्हणाले, "जन्मभर नकला होत राहतात, आत्या. एखादी चूक सुटते. अशा काही चुका साठल्या की पेशी कोणाचं ऐकेनाशी होते."

"म्हणजे कोणीच नाही केलं?"

"कोणीच नाही."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. पण ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "मंग आता भांडू कोणाशी वं?" तिचा इतका लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने काकूंना चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात स्वतःच बाही वर केली.

औषध संपलं, रिपोर्ट साफ आला. "एखादी लपून राहिली असंन?" तिने विचारलं डॉक्टरांना, पाहत होती माझ्याकडे. मी म्हणाले, "असू शकते." तिने नुसता माझा हात दाबला.

आता तपासणीच्या दिवशी ती सकाळीच ठेवणीतली साडी नेसून बसते, परतताना तर्रीपोहे खायचे म्हणून. डॉक्टर रिपोर्टची पानं उलटतात तेव्हा ती खिडकीबाहेरची वर्दळ बघत असते, आणि मी त्यांच्या भुवया. "छान आहे," ते म्हणतात. आत्या लगेच उठून चपला शोधायला लागते. मी मात्र बसून राहते, "नक्की ना?" असं आणखी एकदा विचारावं का, या विचारात.