पाटीवरचा सांगलीचा नंबर

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डाच्या उजव्या हाताला, खिळ्यावर शाळेतली एक दगडी पाटी टांगलेली असे. सरकारी सामानाच्या यादीत ती नव्हती. इन्स्पेक्टर साहेब येणार असले की ती टेबलाखाली जायची आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा खिळ्यावर. ज्यांचे फोन जोडायचे नाहीत त्यांचे नंबर त्या पाटीवर लिहिलेले असत.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि कॅनॉलच्या पाण्यावर ऊस पुन्हा उभा राहिला होता. पोस्टाला लागून असलेल्या एका खोलीत आमचा बोर्ड, त्यावर साठ-एक फोन. कोणी घरी फोनची दांडी फिरवली की बोर्डावर त्याच्या नंबरची छोटी झडप टपकन खाली पडे. मी वायरची पिन त्या भोकात घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दुसरी पिन मागितलेल्या नंबराच्या भोकात घालून घंटी वाजवायची. बाहेरगावचे फोन साताऱ्याहून ट्रंक लाईनीनं येत. साताऱ्याची ऑपरेटर कुठून कुणाला फोन आहे ते सांगे, मी ते तिकिटावर उतरवून घेई आणि जोडून देई. गावात कोण कुणाशी भांडलं आणि कुणाचं कुठं जुळलं, हे आम्हाला गावाच्या आधी समजत असे.

नको असलेले फोन हा आमचा रोजचा ताप होता. एक अडत दुकानदार घड्याळ लावायला म्हणून दिवसातून चार वेळा दांडी फिरवायचा. एक निवृत्त मास्तर फोन जिवंत आहे का ते बघायला फिरवायचे आणि मी "नंबर प्लीज" म्हटलं की "आहे, आहे" म्हणून ठेवून द्यायचे. वकिलांना पक्षकार नको असत आणि डॉक्टरांना दुपारी झोपेत पेशंट नको असत. मी तशी जिभेनं तिखट. मास्तरांना एकदा सरळ म्हटलं, की गुरुजी, फोन जिवंत आहे, पण आता माझाच जीव जायची वेळ आली आहे. त्यांनी आठ दिवस दांडीला हात लावला नाही.

पाटीची युक्ती माझ्याबरोबरच्या जुन्या ऑपरेटर काकांची. कोणी येऊन गयावया केली, की अमक्याचा फोन मला देऊ नका, तर काका नंबर पाटीवर लिहीत. तो फोन आला की आम्ही घंटीच वाजवायची नाही, अर्धा मिनिट थांबायचं आणि सांगायचं, "नो रिप्लाय". पाटीवर फक्त दोन नंबर लिहायचे, कुणाचा आणि कुणाला. माणसाचं नाव लिहायचं नाही, कारण बाहेरच्या कोणी वाचलं तर भानगड. आणि ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. सरकारी नियमांपेक्षा हे दोन नियम आम्ही जास्त पाळले.

माझ्याबद्दल इथं सांगायला हवं. आम्ही गावाच्या खालच्या अंगाला राहणारे, माझ्या लहानपणी आईवडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आमच्या वस्तीत सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिलीच. तेव्हा मी टेंपररी होते आणि कायम होण्यासाठी एकही तक्रार नको होती. वरच्या आळीतली काही माणसं माझ्या आवाजाला "बाई, बाई" म्हणत आणि रस्त्यात मी समोरून आले तर ओळख देत नसत. त्याचा राग मला यायचा. पण त्याहून मोठी भीती एका गोष्टीची होती, की कोणी म्हणू नये, ही आपल्या माणसांचं बघते.

सतरा नंबरचे सुभेदार मात्र रस्त्यातही ओळख देत. पलटणीतून पेन्शनीत आलेले, ताठ, दहा एकर उसाचे मालक. माझ्या वडिलांना ओट्यावर बसवून चहा देणारा वरच्या आळीतला तो एकच माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात लागला होता, लोखंडाचे साचे ओतण्याच्या कामाला. तिथंच त्यानं लग्न केलं. मुलगी आमच्यातली, मिरजेकडची. सुभेदारांनी त्याचं नाव टाकलं.

मुलगा दर शनिवारी दुपारी कारखान्याच्या ऑफिसातून घरी ट्रंक कॉल लावायचा. ऑफिसातला कारकून त्याचा मित्र असावा. मी जोडून द्यायची. ऐकायचं नसतं, पण एकदा मी ऐकलं. तो म्हणाला, "आबा, आयेला द्या की वाईच," आणि पलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. असं पाच-सहा शनिवार झालं.

मग एक दिवस सुभेदार स्वतः खोलीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, कुपवाडच्या त्या नंबराचा फोन आपल्याला जोडायचा नाही. शनिवारी घंटी वाजली की घरात बायको पाणी पाणी होते आणि आपल्याला ते बघवत नाही. काका रजेवर होते. खडू माझ्या हाताला लागूनच होता.

मी लिहिलं. हात थरथरला असं म्हणायला आज बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. उलट जरा ऐटीतच लिहिलं. मुलगी आमच्यातली आहे हे त्यांना माहीत, मला माहीत, आणि तरी त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, याचा मला अभिमान वाटला. ते गेल्यावर राग आला. चहा देणारा हात सून घेताना कसा आखडला, असं मी मनात म्हटलं. पण राग गिळायची सवय होती आणि अभिमान नवा होता.

पुढच्या शनिवारपासून मी साताऱ्याला सांगू लागले, "सतरा नंबर, नो रिप्लाय."

महिनाभरानं सुभेदारांची बायको बाजाराची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मला वयानं आईसारखी. सांगलीचा काही फोन येतो का, असं तिनं हळूच विचारलं. मी सांगितलं, की नाही, अलीकडं आला नाही. ती म्हणाली, कामात असंल. पिशवीतली चार वांगी काढून तिनं टेबलावर ठेवली. नको म्हटलं तरी ठेवलीच. ती भाजी मी घरी केली आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ली. त्या वांग्यांची आठवण मला नको तेव्हा येते.

त्यानंतर काही आठवड्यांनी हे घडलं, तो दिवस मंगळवार होता. दुपारी एकच्या सुमाराला साताऱ्यानं सांगितलं, कुपवाडहून सतराला, अर्जंट. मी पाटीकडं बघितलं. नंबर तोच. अर्जंट कॉल मुलानं कधी लावला नव्हता आणि मंगळवारी तर कधीच नाही, हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं मी कधी कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी अर्धा मिनिट थांबले आणि नो रिप्लाय दिला.

वीस मिनिटांनी पुन्हा तोच, अर्जंट. पुन्हा तेच उत्तर.

मध्ये सोसायटीच्या कारकुनाची झडप पडली. त्याला सतरा हवा होता, ऊसतोडीची पाळी कळवायला. मी जोडून दिला. फोन सुभेदारांच्या बायकोनं उचलला. मी तिला सांगितलं, की सोसायटीतून फोन आहे, बोला. मालक रानात गेलेत, सांजेला येतील, असं तिनं कारकुनाला सांगितलेलं मी पिन काढता काढता ऐकलं. म्हणजे घरात ती एकटी होती. सुभेदार नव्हते. पुढचा फोन जोडला असता तर तिनंच उचलला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

तिसरा फोन दोनच्या आत आला. साताऱ्याची बाई माझ्यावर वैतागली, घंटी नीट वाजवा म्हणाली, तिकडून कोणी बाई रडते आहे. माझा हात पिनेवर होता. डोक्यात आलं, आज जोडला तर उद्या सुभेदारांना कळेल. ते तक्रार करतील, आणि तक्रारीत लिहिलं नाही तरी सगळे तेच म्हणतील, की मुलगी तिच्यातली, म्हणून जोडला. कोणाच्या तरी घरी कोणी तरी रडत असतं, एवढंच मी स्वतःला सांगितलं. मग म्हणाले, "नो रिप्लाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी पोस्टात तार आली. कारखान्यात साखळी तुटून साचा मुलाच्या अंगावर पडला होता. सांगलीच्या दवाखान्यात तो पहाटेपर्यंत होता. शुद्धीवर होता. दुपारच्या फोनानंतर निघाले असते तर रहिमतपूर स्टेशनावर गाडी मिळाली असती आणि दिवेलागणीला आईबाप त्याच्यापाशी पोचले असते. तार घेऊन निघाले ते पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं.

फोन मुलाच्या बायकोनं लावले होते, कारखान्याच्या ऑफिसातून, त्याच कारकुनाच्या फोनवरून. पाटीवर नंबर लिहिला होता, माणूस लिहिला नव्हता. त्या नंबरावरून दुसरं कोणी, दुसऱ्या कामासाठी बोलू शकतं, एवढी साधी गोष्ट तिसऱ्या फोनापर्यंत मला सुचली नव्हती. की सुचली होती आणि मी ती बाजूला सारली? इतक्या वर्षांनी मला ते नक्की सांगता येत नाही.

तेराव्यानंतर सुभेदार आले. या वेळी खुर्चीत बसले. काका समोर होते, ते उठून बाहेर गेले. सुभेदारांनी मला एकदाही दोष दिला नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला वाटत होतं. सुनेनं दवाखान्यात सांगितलं होतं, तीनदा लावला, कुणी उचलला नाही, आणि ते बायकोनं ऐकलं होतं. त्या दुपारी ती घरातच होती हे ती त्यांना परत परत सांगत होती.

"हुकूम माझा हुता," ते म्हणाले. "तुमी हुकूम पाळला. पर ती इचारायला यील. लाईन बंद हुती म्हनून सांगा. एवढं करा."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं असं मी तेव्हा धरून चालले, पण मला माझीच सुटका दिसत होती.

ती दोन दिवसांनी आली. हातात पिशवी नव्हती. दारात थांबली नाही, थेट आत येऊन बोर्डाशेजारी उभी राहिली आणि त्या सगळ्या भोकांकडं बघत राहिली. यातलं आपलं कुठलं, असं तिनं विचारलं. मी सतरा नंबर दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग तिनं जे विचारायचं ते विचारलं आणि मी पाठ केल्यासारखं सांगितलं, की त्या दुपारी ट्रंक लाईन बंद होती, सांगलीचा एकही फोन इथवर आला नाही.

"साताऱ्याची बंद, सांगलीची बंद, मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पर त्या दुपारी सोसायटीचा फोन तुमीच दिला. तुमचाच आवाज हुता. तवा तुमी हितंच हुता. सून सांगती, फोनातली बाई सारखी म्हनत हुती, घंटी वाजवली, कुनी उचलत न्हाई. घंटी वाजलीच न्हाई, बाई. मी फोनाच्या म्होरंच तांदूळ निवडत हुते."

मला पुढं खोटं बोलता आलं नाही. मी पाटी दाखवली. नंबर तसाच होता, मी अजून पुसला नव्हता. मी सांगितलं, की तीन वेळा आला, तिन्ही वेळा मी जोडला नाही. सुभेदारांचं नाव घेतलं नाही. तिलाही ते ऐकायचं नव्हतं, तिला माहीत होतं.

बोर्डावर एक झडप पडली, मी तिकडं बघितलं नाही. मग तिनं विचारलं, तुम्ही खालच्या अंगाच्या ना? मी हो म्हटलं. आमची सून तुमच्यातली, हे माहीत होतं का? मी म्हटलं, माहीत होतं.

"मग तर तुमी जोडायलाच पायजे हुता," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिला ते खरंच समजत नव्हतं, आपलं माणूस तिकडं रडत असताना आपलंच माणूस हात आखडून कसं बसतं. सुभेदारांबद्दल मी जे मनात म्हटलं होतं तेच ती मला विचारत होती.

ती गेल्यावर मी नंबर तळहातानं पुसला आणि पाटी खिळ्यावरून काढली. काकांनी कारण विचारलं नाही. पुढं मी कायम झाले आणि निवृत्त होईपर्यंत ती नोकरी केली. माझ्या फाइलीत एकही तक्रार नाही. ही आपल्या माणसांचं बघते, असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नाही. त्या मंगळवारी कोणी म्हटलं असतं तर चाललं असतं.