एकाच खाचेची दोन नाणी

तो प्रसंग मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र बराच केला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लोक विचारतात, "साहेब, मोठ्या केसेस सांगा की." त्या मी सांगतो. ही कधी सांगितली नाही. हिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका माणसाचं नाव पणाला लागलं होतं, आणि ते पणाला लावणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा मी अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. रविवारची दुपार म्हणजे आमच्याकडे मोबाईल हरवल्याच्या तक्रारी आणि सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं. त्यात एका हॉलमधून फोन आला. तिथे दुर्मिळ नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. "चोर धरून ठेवलाय. लवकर या."

मी हवालदाराला घेऊन गेलो. हॉलमध्ये दोन्ही बाजूंना टेबलांच्या रांगा, टेबलांवर पांढरे दिवे, भिंगं, मखमलीचे ट्रे. एरवी या लोकांचा आवाज निघत नाही म्हणे; सगळे मान खाली घालून बघत असतात. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांच्या माना वर होत्या आणि एका टेबलाभोवती गर्दी होती.

टेबलामागे नाण्यांचा व्यापारी होता. त्याला सगळे शेठ म्हणत. समोर साठीतले एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. एका औषध कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, राहणार मालाड, मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. हे मला नंतर कळलं. हॉलमध्ये त्यांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो.

ट्रेवर दोन शिवराया पडल्या होत्या. शिवराई म्हणजे शिवकाळातला तांब्याचा पैसा. या दोन दुर्मिळ जातीच्या होत्या, अक्षरांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी. मला दोन्ही काळ्या चकत्या दिसल्या.

शेठचं म्हणणं साधं होतं. "साहेब, माझं असली नाणं यांनी बघायला मागितलं. हातचलाखी केली. असली स्वतःकडे घेतलं आणि नकली ट्रेमध्ये टाकलं. मी पकडलं म्हणून बाहेर निघालं."

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"दोन्हींतलं एक माझं आहे, साहेब. घरून आणलेलं."

मी भिंग घेतलं. दोन्ही नाण्यांच्या कडेला एक खाच होती. तीच जागा, तोच तिरकेपणा. मला तेवढं पुरे झालं. अशी खाच दोन नाण्यांना योगायोगाने पडत नाही. म्हणजे एक दुसऱ्यावरून बनवलेलं. आणि नकली नाणं व्यापारी कशाला विकायला ठेवेल? त्याच्या टेबलावर दिवसभर जाणकार येऊन बघतात. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना दोन रांगांच्या मधून दारापर्यंत नेलं. धरलं नाही, ओढलं नाही. फक्त हात ठेवला. वाटेत एकाने म्हटलेलं मी ऐकलं, "इतकी वर्षं आमच्यात बसतोय हा माणूस!" काकांनीही ते ऐकलं असणार.

ठाण्यात आल्यावर त्यांनी घरी फोन करायची परवानगी मागितली. "गो, माका येवक उशीर होतलो. तू जेवन घे," एवढंच बोलले. कुठे आहे ते सांगितलं नाही.

जबाब घ्यायला बसलो.

"काका, खरं बोला. दोन नाणी, एकच खाच. हे कसं?"

"तेच तर मी शेठना विचारत होतो. तेवढ्यात तुम्ही आलात."

हवालदार फिसकन हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

"ट्रेमधलं नाणं बघितलं नि खाच ओळखली," काका म्हणाले. "रोज बघतो ना मी ती. म्हणून माझं काढून शेजारी ठेवलं. शेठ ओरडायला लागले."

"तुमच्या नाण्यावरून त्यांनी नकली कसं बनवलं? तुमच्या घरी आले होते?"

"मागच्या वर्षी फोटो काढायला म्हणून दोन दिवस नेलं होतं. कॅटलॉगमध्ये छापतो म्हणाले."

"पावती?"

"आमच्यात पावती घेत नाहीत, साहेब. नाणं देताना पावती मागितली तर समोरच्याचा अपमान होतो. बघायला दिलं, बघून परत आलं. असंच चालतं."

मी हसलो. पोलिसाच्या कानाला 'पावती नाही' म्हणजे थाप. हा मुद्दा मी जबाबात घेतला, पण एका ओळीत आणि तपासायचा नाही असं ठरवूनच.

काकांना नोटीस देऊन घरी जाऊ दिलं. दोन्ही नाणी जप्त झाली. आता मी खरं काय केलं ते सांगतो.

पंचनाम्यात मुद्देमालाचं वर्णन लागतं. नाण्यावर काय कोरलंय ते वाचताच येईना. पंच खोळंबले होते, एकाला दुकान उघडायचं होतं. आमच्या घरी सणाच्या आधी देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासतात. मी हवालदाराला म्हटलं, "बाहेरच्या भेळवाल्याकडून चिंच आण."

"सायब, मुद्देमाल आहे."

"धुतोय रे, खातोय का?"

त्याने वाटीत चिंचेचा कोळ आणला. मी स्वतः फडक्याने घासलं. एका नाण्याचा काळा रंग फडक्यावर उतरला आणि खालून पिवळट धातू निघाला. दुसरं लालबुंद, कोरं करकरीत झालं, अक्षरं ठसठशीत. मी खूश झालो. नकली कोणतं ते प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं! पंचनाम्यात झकास वर्णन लिहिलं. कशाने घासलं ते लिहिलं नाही.

नकली कोणतं हे कळलं, पण कोणाचं हे तसंच राहिलं. शेठ रोज फोन करायचा. "साहेब, असली ते माझं. कधी मिळेल?" काकांचा एकदाही फोन आला नाही. मला वाटलं, गुन्हेगार गप्प बसतो. वास्तविक गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात, अपराधी आणि दुखावलेले, हे इतक्या नोकरीत मला ठाऊक असायला हवं होतं. हवालदार मात्र म्हणत होता, "सायब, हा म्हातारा चोर निघाला तर मी मिशी काढतो." त्याची मिशी म्हणजे ठाण्याची शान होती.

साकीनाक्याला माझा एक जुना खबऱ्या होता, भंगारचा धंदा करणारा. दुसऱ्याच कामासाठी त्याला बोलावलं होतं. जाता जाता मी विचारलं, "तुझ्याकडे कोणी जुने पैसे बनवतं का रे?"

"बनवतो ना. मूर्ती, घंट्या ओततात तो गाळा. मागच्या साली पैसे ओतत होता. खराब माल माझ्याकडेच टाकला. पितळेत धरला मी, तांबं कुठे होतं त्यात!"

"आहे अजून?"

"गोणीत असेल कुठे तरी. साहेब, गोणी उपसायला लावाल तर चहा तुमचा."

मी चहा पाजला आणि दोघा शिपायांना पाठवलं. संध्याकाळी हवालदाराने माझ्या टेबलावर चार चकत्या ओळीने मांडल्या. एक अर्धीच भरलेली, एकीला बुडबुडे, दोन वाकड्या. पण चारही चकत्यांच्या कडेला तीच खाच, तीच जागा, तोच तिरकेपणा.

हवालदाराने मिशीवरून हात फिरवला.

गाळेवाल्या ओताऱ्याला आणलं. तो घाबरला नव्हता, वैतागला होता. "साहेब, माझी काय चूक? शेठ बोलले लग्नात पाहुण्यांना गिफ्ट द्यायचेत. मी ओतून दिले."

"असली कुठून आणलं होतं त्यांनी?"

"मला काय माहीत! घाई मात्र केली. बोलले दोन दिवसांत परत पाहिजे, दुसऱ्याचं आहे."

'दुसऱ्याचं आहे.' मी ते वाक्य त्याला परत बोलायला लावलं आणि त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. मग काकांचा जबाब काढला. फोटोसाठी दोन दिवस. माझ्याच अक्षरात, एका ओळीत.

शेठला बोलावलं. आरडाओरडा करायला लागला, तसं मी त्या चार चकत्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "साहेब, सेटल करू ना. घरातलीच गोष्ट आहे." मी हवालदाराला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली. पुढे गुन्हा शेठवर दाखल झाला आणि काका आरोपीचे फिर्यादी झाले.

कोर्टाच्या आदेशाने त्यांचं नाणं परत द्यायचं ठरलं तेव्हा ते ठाण्यात आले. पाकीट फोडून नाणं तळहातावर घेतलं आणि बघत राहिले. मला वाटलं, आनंद झालाय.

"रंग कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. या लोकांत पहिला नियम असतो म्हणे, नाणं कधी घासायचं नाही. तीनशे वर्षांचा काळा थर म्हणजे नाण्याची कातडी. ती गेली की दुर्मिळपणा निम्मा गेला. तो थर मी भेळेच्या चिंचेने काढला होता.

"लॅबमध्ये झालं असेल," मी म्हणालो.

हवालदार बाहेर निघून गेला.

काकांनी मान हलवली. नाणं रुमालात बांधलं. उठताना म्हणाले, "साहेब, एक विनंती होती. पुन्हा प्रदर्शन भरेल, त्याच हॉलमध्ये. तुम्ही एकदा या."

"काका, तुम्ही निर्दोष आहात हे कागदावर आलंय."

"हो. पण तो कागद घेऊन मी टेबला-टेबलावर फिरू का? मला नेलेलं सगळ्यांनी बघितलं होतं."

येतो म्हणालो. जायचं टाळत होतो. प्रदर्शनाच्या दिवशी बंदोबस्ताची सबब तयार होती. हवालदार गाडीची चावी घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला. "सायब, निघायचं ना?" एवढंच. त्याच्या आवाजात प्रश्न नव्हता.

काका हॉलच्या बाहेर, पायऱ्यांपाशी थांबले होते. आत गेले नव्हते. मी गणवेशात होतो. आम्ही दोघं दारातून आत शिरलो आणि एकेक मान वर व्हायला लागली. एक आवाज आला, "आयला, परत धरला वाटतं!"

मला भाषण येत नाही. दोन रांगांच्या मधे उभा राहून मी म्हटलं, "यांना मी इथून नेलं होतं. माझी चूक होती. नाणं यांचंच होतं, नकली ज्याने बनवलं त्याच्यावर गुन्हा दाखल आहे." तिथे थांबता आलं असतं. पण काका शेजारी उभे होते, आणि लॅबचं नाव घेतल्यापासून मला नीट जेवण गेलं नव्हतं. "आणि यांचं नाणं लॅबने नाही, मी घासलं. चिंचेने. लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

हॉलमध्ये जो एक सुस्कारा उमटला, तसा मी कोणाच्या मरणाच्या बातमीलाही ऐकलेला नाही.

काका हळूच म्हणाले, "मला माहीत होतं, साहेब. खाचेत चोथा अडकला होता." आणि वर, "गूळ तरी नव्हता ना त्यात?"

आधी हवालदार हसला, मग शेजारचं टेबल, मग सगळा हॉल. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने टेबलामागून खुर्ची ओढली. "ये रे, बस. वर्षभर तोंड दाखवलं नाहीस. हे बघ काय आलंय." काका बसले. रुमाल सोडून आपलं लाल नाणं त्यांनी ट्रेमध्ये ठेवलं. लोक वाकून बघायला लागले. कोणी हळहळलं, कोणी विचारलं किती वर्षांनी काळं पडेल. "आपण असू तोवर नाही," काका म्हणाले, "पण पडेल. तांबं आहे ते." दोन नवखी मंडळी भिंग मागत होती आणि काका त्यांना ओतलेलं नाणं कसं ओळखायचं ते समजावत होते. त्यात ते इतके रमले की मी निघतो म्हटलेलं त्यांना ऐकू आलं नाही.

पोलीस माणसाला चारचौघांतून नेतो आणि बंद खोलीत सोडतो. जबाब, पंचनामा, नोटीस या सगळ्याचे नियम आहेत. गेलेलं नाव चारचौघांत परत द्यायचा मात्र नियम नाही. त्यानंतर जितकी वर्षं नोकरी केली तितकी वर्षं मी एक गोष्ट पाळली. संशय चुकीचा निघाला, तर ज्या गल्लीतून, ज्या ऑफिसातून माणूस उचलला होता, तिथपर्यंत मी स्वतः त्याला पोचवायला जायचो. गाडीतून उतरून, सगळ्यांना दिसेल असा. काही जण रागाने बोलायचेही नाहीत. पण शेजारचं एखादं दार उघडायचं, कोणी तरी म्हणायचं, "आलास? ये, चहा घे." ते ऐकू येईपर्यंत मी थांबायचो.